धावणारे पाय आणि घडवणारे हात



पहिल्या महायुद्धाच्या जखमा अजून ओल्या असताना, १९२० साली बेल्जियममधील अँटवर्प या नगरीत ऑलिंपिक भरले. त्या क्रीडामहोत्सवात हिंदुस्थानचे एक छोटेसे पथक उतरले होते. या पथकाच्या जाण्याचे मूळ पुण्यात होते. डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धांमध्ये अनवाणी धावणारे खेड्यापाड्यांतील तरुण दोराबजी टाटांच्या नजरेत भरले. या मुलांना ना कोणी शास्त्रशुद्ध धडे दिलेले, ना त्यांच्या पायांत धावण्याचे बूट. तरीही त्यांच्या वेळा युरोपातील धावपटूंच्या वेळांशी तुलना करण्याजोग्या होत्या. टाटांनी पुढाकार घेतला, पैसा उभा राहिला आणि पथक रवाना झाले. बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन धावले. २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत अंतर पूर्ण करून ते एकोणिसावे आले. सुवर्णपदक मिळवणारा फिनलंडचा हानेस कोलेहमाइनेन त्यांच्यापेक्षा सुमारे १८ मिनिटे आधी पोहोचला होता.

या १८ मिनिटांत काय दडले होते? पायांतील बळ कमी होते, असे म्हणवत नाही. मातीत राबणाऱ्या, रोज कोसन् कोस चालणाऱ्या माणसांचे बळ या देशात तेव्हाही होते, आजही आहे. उणीव होती ती त्या बळाला वळण देणाऱ्या हातांची. पाय निसर्ग देतो; धावपटू मात्र घडवावा लागतो. दीर्घ पल्ल्याच्या धावण्याचा थोर प्रशिक्षक कशाने थोर ठरतो, हा आजचा विषय आहे. मैदानावर शिट्टी घेऊन उभ्या राहणाऱ्यांनी या प्रश्नाचा विचार करावाच, पण पहाटे पाच वाजता आपल्या मुलाला अथवा मुलीला दुसऱ्याच्या हाती सोपवणाऱ्या प्रत्येक आईवडिलांनीही तो करायला हवा.

याचे उत्तर ज्याच्या आयुष्यात सर्वांत स्वच्छ वाचता येते, असा माणूस न्यूझीलंडच्या ऑकलंड शहरात १९१७ साली जन्मला. त्याचे नाव आर्थर लिडियर्ड. क्रीडाशास्त्राची कोणतीही पदवी त्याच्यापाशी नव्हती. बुटांच्या कारखान्यात तो काम करीत असे. चरितार्थासाठी काही काळ त्याने पहाटे घरोघर दूधही घातले. तरुणपणी रग्बी खेळणारा हा गडी स्वतःला धडधाकट समजत होता. एके दिवशी क्लबमधील जॅक डोलन नावाच्या ज्येष्ठ धावपटूने त्याला पाच मैलांच्या धावेवर सोबत नेले. लिडियर्डची छाती भात्यासारखी चालू लागली, पाय जड झाले आणि आपला समज किती पोकळ होता हे त्याला कळून चुकले. वय होते अवघे सत्तावीसच्या आसपास. आज ही अवस्था असेल तर पन्नाशीत काय होईल, असा प्रश्न त्याने स्वतःला विचारला. त्याच्या पुढील साऱ्या कार्याची सुरुवात या लज्जेत आणि या प्रश्नात आहे.

उत्तर शोधण्यासाठी त्याने दुसऱ्या कोणाला धावायला लावले नाही. तो स्वतः धावू लागला. कधी आठवड्याला थोडे मैल, कधी प्रचंड. काही आठवड्यांत त्याने अंतर अडीचशे मैलांपर्यंत नेले आणि शरीर कुठे साथ सोडते तेही पाहिले. कधी वेगाने धावावे, कधी मंद गतीने, कोणत्या दिवसानंतर कोणता दिवस यावा, याचे प्रयोग वर्षानुवर्षे त्याच्या स्वतःच्या देहावर चालले. अखेरीस, स्थिर पण आटोपशीर वेगाने आठवड्याला सुमारे शंभर मैल, म्हणजे १६० किलोमीटर, हे प्रमाण त्याला सर्वाधिक फलदायी वाटले. या प्रयोगांच्या ओघातच १९५३ आणि १९५५ साली त्याने न्यूझीलंडचे मॅरेथॉन विजेतेपद मिळवले. थोर प्रशिक्षकाचे पहिले लक्षण येथे दिसते. जे औषध शिष्याला द्यायचे, ते त्याने आधी स्वतः चाखलेले असते. शिष्याच्या चेहऱ्यावरील थकवा आळसातून आलेला आहे की तो खरोखरच धोक्याची सूचना आहे, हे त्याला पुस्तक उघडून पाहावे लागत नाही.

दुसरे लक्षण निवडीच्या संदर्भात आहे. लिडियर्डचा पहिला शिष्य लॉरी किंग हा बुटांच्या कारखान्यातील त्याचा सहकारी होता. नंतर ओवायराका या उपनगराच्या परिसरातील मुले जमत गेली. त्यांतील मरे हॅलबर्गचा डावा हात सतराव्या वर्षी रग्बी खेळताना झालेल्या अपघातात कायमचा अधू झाला होता. पीटर स्नेल हा टेनिससह अनेक खेळ खेळणारा, दांडग्या बांध्याचा मुलगा. पाहणाऱ्याला तो दीर्घ पल्ल्याचा धावपटू मुळीच वाटला नसता. बॅरी मॅगी हा अंगकाठीने लहानखुरा. साऱ्या न्यूझीलंडची लोकसंख्या त्या काळी चोवीस लाखांच्या घरात होती. तिथून जगज्जेते निवडून काढायला वाव तो कितीसा असणार! दारात आलेल्या मुलांवरच काम करायचे होते आणि लिडियर्डने ते केले. निवड समितीला रत्ने पारखता आली पाहिजेत हे खरे. प्रशिक्षकाची कसोटी मात्र समोर आलेल्या दगडाला पैलू पाडण्यात असते.

दर रविवारी ही मंडळी वायटाकेरे डोंगररांगांतून जाणारा वायटारुआचा फेरा पूर्ण करीत. अंतर २२ मैल, म्हणजे सुमारे ३५ किलोमीटर, आणि वाट चढउतारांची. आठशे मीटर धावणाऱ्या स्नेललाही त्यातून सूट नव्हती. पहिल्यांदा तो फेरा पूर्ण करताना आपण पार मोडून गेलो होतो, हे स्नेलने पुढे स्वतःच सांगितले आहे. त्या काळच्या जाणकारांना हा सगळा प्रकार विचित्र वाटे. १९५० च्या दशकात ट्रॅकवर ठरावीक अंतर वेगाने धावायचे, थोडे थांबायचे आणि पुन्हा धावायचे, या इंटरव्हल पद्धतीचा बोलबाला होता. पावणेदोन मिनिटांत संपणाऱ्या शर्यतीसाठी दोन-अडीच तास डोंगरात धावण्याचे प्रयोजन काय, असे विचारले जाई.

प्रयोजन असे होते. स्थिर गतीने, दम न लागता दीर्घकाळ धावल्याने हृदयाची एका ठोक्यात रक्त पुढे ढकलण्याची क्षमता वाढते. स्नायूंमध्ये सूक्ष्म केशवाहिन्यांचे जाळे दाट होते आणि प्राणवायू वापरून ऊर्जा निर्माण करणारी पेशींतील यंत्रणा समृद्ध होते. ही वाढ संथ असते, पण ती वर्षानुवर्षे चालू राहू शकते. याउलट प्राणवायूची उधारी करून जिवाच्या आकांताने धावण्याची क्षमता अवघ्या काही आठवड्यांत आपल्या मर्यादेला पोहोचते. त्यानंतरही तोच मारा चालू ठेवला तर धावपटू निस्तेज होतो, झोप उडते, आजार आणि दुखापती मागे लागतात. म्हणून लिडियर्डने वर्षाचा क्रम आखला. प्रथम कित्येक आठवडे केवळ पायाभरणी. मग काही आठवडे टेकड्यांवरील चढाईने पायांत शक्ती आणि लवचीकता. त्यानंतर साधारण चार आठवडे ट्रॅकवरील कठोर वेग. शेवटी धार लावणे, आणि शर्यतीच्या आधी विश्रांती. हा क्रम उलटला की इमारत ढासळते. जोते भक्कम नसताना मजले चढवणाऱ्याला वेगाने बांधल्याचे समाधान मिळते, पण ते पहिल्या पावसापर्यंतच.

या क्रमाची परीक्षा २ सप्टेंबर १९६० रोजी रोममध्ये झाली. आठशे मीटरच्या अंतिम फेरीत विश्वविक्रमवीर रॉजर मोएन्स सर्वांच्या नजरेसमोर होता. एकवीस वर्षांच्या स्नेलकडे फारसे कोणाचे लक्ष नव्हते. शेवटच्या मीटरांत आतल्या बाजूने मुसंडी मारून स्नेलने १ मिनिट ४६.३ सेकंदांत सुवर्ण जिंकले. तासाभराच्या आत हॅलबर्ग पाच हजार मीटरसाठी उभा राहिला. तीन फेऱ्या उरल्या असताना, जिथे कोणीही निसटण्याचे धाडस करत नाही तिथे, तो सर्वांना मागे टाकून निघाला आणि अधू हात छातीशी धरून अखेरपर्यंत आघाडी टिकवली. रेषा ओलांडताच तो मैदानावर कोसळला. काही दिवसांनी मॅरेथॉनमध्ये, अबेबे बिकिला अनवाणी धावून अजरामर झाला त्याच शर्यतीत, मॅगीने कांस्यपदक मिळवले. आठशे मीटर, पाच हजार मीटर आणि मॅरेथॉन असे तीन वेगळे पल्ले आणि तीन वेगळ्या देहयष्टींची माणसे. पण पाया एकच होता. एका बूट कारागिराच्या हाताखाली तयार झालेली ही तीन पदके साऱ्या क्रीडाविश्वाला विचार करायला लावणारी ठरली. स्नेलने १९६२ मध्ये मैलाचा आणि आठशे मीटरचा विश्वविक्रम एका आठवड्याच्या अंतराने, तोही गवताच्या ट्रॅकवर, मोडला. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये आठशे आणि पंधराशे मीटर अशी दोन्ही सुवर्णे त्याच्या नावावर लागली.

या कथेतून केवळ शंभर मैलांचा आकडा उचलणारे प्रशिक्षक जगभर निघाले आणि त्यांच्या हाताखाली अनेक मुले जायबंदी झाली. लिडियर्डचे सांगणे वेगळे होते. शरीराला शिक्षण द्यावे, त्याच्यावर जबरदस्ती करू नये, हे त्याच्या पद्धतीचे सूत्र होते. शंभर मैल हे दीर्घ साधनेनंतर गाठायचे शिखर होते, नवख्याने पहिल्या महिन्यात पाळायचे फर्मान नव्हते. धाव संपल्यावर शिष्याला सुखद थकवा जाणवला पाहिजे, तो गळून जाता कामा नये, यावर त्याचा कटाक्ष असे. कागदावरचा कार्यक्रम आणि समोरच्या मुलाची त्या दिवसाची अवस्था यांत विरोध आला, तर कागद बदलायचा. ‘आज पुरे’ हे दोन शब्द योग्य दिवशी उच्चारता येणे, हे थोर प्रशिक्षकाचे तिसरे लक्षण आहे. मुलाला पळायला लावणे कोणालाही जमते. त्याला थांबवायला अधिकार लागतो आणि आत्मविश्वासही.

याच्या उलट टोकाचे चित्र आपल्याच देशाने पाहिले आहे. २ मे २००६ रोजी ओडिशातील बुधिया सिंग हा अवघ्या चार वर्षांचा मुलगा पुरीहून भुवनेश्वरच्या दिशेने सुमारे ६५ किलोमीटर धावला. मे महिन्यातील उकाडा, सोबत कॅमेरे, दुतर्फा टाळ्या. शेवटी तो कोसळला. त्याचा प्रशिक्षक बिरंची दास हा मूळचा ज्यूदोचा शिक्षक. अत्यंत हलाखीतील या मुलाला त्याने आसरा दिला होता, ही गोष्ट नाकारता येत नाही. पण चार वर्षांच्या कोवळ्या हाडांना त्या अंतराचा काय उपयोग होता? शासनाने त्याच्या लांब पल्ल्याच्या धावण्यावर बंदी घातली, वाद न्यायालयात गेला आणि २००८ मध्ये दासची हत्या झाली. जगाने ज्याला भावी मॅरेथॉनविजेता ठरवले होते, तो मुलगा मोठेपणी त्या शिखरापर्यंत पोहोचला नाही. येथे एका व्यक्तीला दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे. त्या दिवशी रस्त्याच्या कडेला टाळ्या वाजवणारे हजारो हातही या घटनेचे भागीदार होते. चमत्कार पाहण्याची समाजाची हौस जेवढी मोठी, तेवढा मुलांना लवकर पिकवण्याचा मोह मोठा.

हा मोह आज शहरोशहरीच्या मॅरेथॉनमध्ये आणि जिल्हा पातळीवरील शालेय स्पर्धांमध्येही डोकावतो. चौदा वर्षांखालील गटातील पदक मिळाले की शाळेचे नाव होते, प्रशिक्षकाचे नाव होते. मुलाच्या विसाव्या वर्षाचा हिशेब कोणीच ठेवत नाही. मुलींच्या बाबतीत तर अधिक सावध राहावे लागते. वजन कमी केले की वेग वाढतो, असे सांगून वाढीच्या वयात त्यांचा आहार तोडला जातो. श्रमाच्या मानाने अन्न कमी पडले की मासिक पाळी अनियमित होते वा थांबते, हाडे ठिसूळ होऊ लागतात, पायांच्या हाडांना तडे जातात. पाळी थांबणे हे कठोर मेहनतीचे प्रशस्तिपत्र नव्हे, तो आजाराचा इशारा आहे. हे ज्या प्रशिक्षकाला ठाऊक नाही, किंवा ज्याच्याशी मुलगी अथवा तिची आई या विषयावर निःसंकोच बोलू शकत नाही, त्याच्याकडील घड्याळ कितीही अचूक असले तरी तो अपुरा आहे. उत्तेजकांचा प्रश्न त्याहून गंभीर आहे. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या अलीकडच्या वर्षांच्या अहवालांत दोषी नमुन्यांच्या बाबतीत भारताचे नाव वरच्या क्रमांकांत येत राहिले, ही लाजिरवाणी गोष्ट आहे. वर्षांची पायाभरणी एका सुईने वाचवू पाहणारा माणूस शिष्याचे आयुष्य गहाण ठेवत असतो.

प्रशिक्षकाचे नाते मैदानापुरते नसते, हे केनियातील एका जोडीने दाखवून दिले. पॅट्रिक सँग हा १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमधील स्टीपलचेसचा रौप्यविजेता. नांदी भागातील त्याच्याच परिसरात एलियुड किपचोगे नावाचा एक पोरका मुलगा राहत होता. वडिलांना त्याने केवळ छायाचित्रात पाहिले होते. त्याने सँगकडे जाऊन धावण्याचा कार्यक्रम मागितला. काही दिवस तो निष्ठेने पाळला आणि पुढचा मागायला पुन्हा दारात उभा राहिला. सँगने त्या चिकाटीतच त्याची पात्रता ओळखली. २००३ मध्ये अठराव्या वर्षी किपचोगे पाच हजार मीटरचा जगज्जेता झाला. २०१२ मध्ये त्याला केनियाच्या ऑलिंपिक संघात स्थान मिळाले नाही, तेव्हा अनेकांनी त्याचा काळ संपला असे मानले. गुरू-शिष्यांनी मॅरेथॉनची वाट धरली आणि २०१६ व २०२१ मध्ये, म्हणजे रिओ आणि टोकियोत, सलग दोन ऑलिंपिक सुवर्णे मिळवली. कप्तागटच्या शिबिरात हा जगज्जेता इतरांसारखाच आपल्या पाळीला साफसफाई करीत असे. किपचोगे आपल्या प्रशिक्षकाकडे जीवनाचा मार्गदर्शक म्हणून पाहतो, याचे नवल वाटायला नको. दीर्घ पल्ल्याचा धावपटू दिवसातले दोन-तीन तास धावतो. उरलेल्या एकवीस तासांत तो कसा जगतो, यावर त्याचे धावणे अवलंबून असते. गुरुगृही राहण्याचा अर्थ आपल्या परंपरेने हाच सांगितला आहे.

महाराष्ट्रात या विचाराचे बीज रुजू शकते, याला नाशिक साक्षीला आहे. सावरपाडा या वनवासी पाड्यावरील कविता राऊत ही अनवाणी धावणारी मुलगी प्रशिक्षक विजेंद्र सिंग यांच्या मार्गदर्शनाखाली नाशिकमध्ये घडू लागली. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत तिने दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक पटकावले. त्या स्पर्धांच्या इतिहासात ट्रॅकवर वैयक्तिक पदक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला ठरली. त्याच वर्षी ग्वांगझू आशियाई स्पर्धेत तिने दहा हजार मीटरचे रौप्य जिंकले. ‘सावरपाडा एक्सप्रेस’ हे तिचे नाव घराघरांत पोहोचले. एका पाड्यावरून एक मुलगी निघाली, की त्याच वाटेने दुसरी निघते. नाशिकमधून पुढे संजीवनी जाधवसारख्या धावपटू आल्या त्या यामुळेच. जिथे एक कार्यक्षम प्रशिक्षक वर्षानुवर्षे एकाच ठिकाणी पाय रोवून उभा राहतो, तिथे परंपरा निर्माण होते. जिथे तो नसतो, तिथे एखादा शिवनाथ सिंग जन्मतो आणि एकटाच राहतो. बिहारच्या या अनवाणी सैनिकाने १९७६ च्या मॉन्ट्रियल ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉनमध्ये अकरावे स्थान मिळवले. १९७८ मध्ये जालंधरला त्याने नोंदवलेला २ तास १२ मिनिटांचा राष्ट्रीय विक्रम पुढे चार दशकांहून अधिक काळ अबाधित राहिला. विक्रमाचे कौतुक जरूर करावे, पण त्या दीर्घायुष्यात आपल्या व्यवस्थेचे अपयशही वाचता आले पाहिजे.

लिडियर्डच्या उत्तरायुष्याकडे पुन्हा वळले, म्हणजे अखेरचे लक्षण ध्यानात येते. त्याने आपली विद्या झाकून ठेवली नाही. हृदयविकारातून उठलेल्या मध्यमवयीन गृहस्थांना त्याने मंद गतीने धावण्याचा सल्ला दिला आणि १९६२ च्या सुमारास ऑकलंडमध्ये सामान्य नागरिकांचा धावण्याचा क्लब उभा राहिला. अमेरिकेचे ख्यातनाम प्रशिक्षक बिल बॉवरमन न्यूझीलंडला आले, त्यांनी हे दृश्य पाहिले आणि ‘जॉगिंग’ अमेरिकेत नेले. आज आपल्या उद्यानांत सकाळी धावणारे आजी-आजोबा नकळत त्या बूट कारागिराचे ऋणी आहेत. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्याने फिनलंडमधील प्रशिक्षकांना मार्गदर्शन केले. कोलेहमाइनेनच्या त्या देशात दीर्घ पल्ल्याची परंपरा क्षीण झाली होती. १९७२ आणि १९७६ मध्ये लासे व्हिरेनने पाच आणि दहा हजार मीटरची चारही सुवर्णे जिंकून ती उजळली. व्हिरेनचा प्रशिक्षक फिनलंडचाच रोल्फ हायकोला होता. दुसऱ्याच्या हाती विद्या देऊन बाजूला होता येणे, यातच तिचे सार्थक आहे.

शिष्यांनीही ते ऋण आपापल्या परीने फेडले. हॅलबर्गने १९६३ मध्ये अपंग मुलांसाठी न्यास स्थापन केला. स्नेल वयाच्या तिशीनंतर अमेरिकेत शिकायला गेला, व्यायाम शरीरशास्त्रात डॉक्टरेट मिळवली आणि डोंगरातील त्या दीर्घ, संथ धावांमुळे वेगवान स्नायूतंतूसुद्धा कसे तयार होतात याचा शास्त्रीय उलगडा करण्यात रमला. गुरूने अनुभवाने जाणले, शिष्याने प्रयोगशाळेत तपासले. ‘का?’ असे विचारण्याची मोकळीक ज्याच्याकडे होती, त्याच्याच शिष्याला हे सुचू शकते. डिसेंबर २००४ मध्ये, वयाच्या ८७ व्या वर्षी, लिडियर्डचे निधन झाले तेही टेक्सासमध्ये व्याख्यानांच्या दौऱ्यावर असताना.

तेव्हा आपल्या पाल्याला प्रशिक्षकाच्या हाती सोपवताना तीन प्रश्न विचारावेत. या वर्षीच्या पदकाखेरीज पाच वर्षांनंतरचे चित्र त्याच्या डोळ्यांसमोर आहे काय? मुलाला थांबवल्याचा एखादा प्रसंग तो सांगू शकतो काय? आजच्या सरावाचे कारण मुलाने विचारले, तर तो रागावतो की समजावतो? या प्रश्नांची समाधानकारक उत्तरे मिळाली, तर मैदान मातीचे असो, बूट साधे असोत, मूल सुरक्षित हातांत आहे असे समजावे. आणि आपल्या वस्तीत असा एखादा शिक्षक पहाटे चार मुलांना घेऊन धावत असेल, तर त्याला वर्षभरात निकाल मागू नये. त्याला वेळ द्यावा, मुलांच्या पोटात सकस अन्न पडेल हे पाहावे आणि त्याच्या पाठीशी उभे राहावे.

अँटवर्पमधील ती १८ मिनिटे एका दिवसात भरून निघणारी नव्हती. ती भरून निघतात दर रविवारी, डोंगरवाटेवर, कोणी पाहत नसताना. पाय आपल्यापाशी तेव्हाही होते. त्या पायांसोबत संयमाने चालणारे हात गावोगाव उभे करणे, हे आता आपले काम आहे.